दोन चौकोन आणि मामांची पुडी: तंबाखूचा नियम करण्याआधी लोकांना काय विचारायचं?

सिन्नरला मामांच्या ओट्यावर जाऊन बसलं की दहा मिनिटांच्या आत पुडी निघतेच. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाने काढलेला चुना, मग उजव्या अंगठ्याने सावकाश मळणं. मळून झालं की वरून दोन थापट्या. भुकटी उडते, शेजारचा शिंकतो आणि बार खालच्या ओठाच्या आत जाऊन बसतो. चाळीस वर्षं हे चालू आहे.

"मामा, पुडी महाग झाली तर सोडाल का हो?" मी दर दिवाळीला विचारते.

"सोडायचीच आहे गं. कधीची सोडायचीये."

हे उत्तरही दर दिवाळीला तेच असतं, आणि ते मनापासून दिलेलं असतं. मागच्या वेळी मात्र मी वहीचं पान फाडून त्यावर दोन चौकोन काढले. डाव्या चौकोनात लिहिलं: नेहमीची पुडी, दहा रुपये, कोपऱ्यावरच्या टपरीत. उजव्यात: तीच पुडी, पंधरा रुपये, फक्त स्टँडजवळच्या परवानाधारक दुकानात. खाली एक ओळ: 'यातलं काहीच घेणार नाही'. मामांनी लगेच डावीकडे बोट ठेवलं. मी डावीकडची किंमत वीस केली. ते थोडे थांबले. "मग स्टँडवर जाईन. सायकल आहे की." मी दोन्हीकडे तीस लिहिलं. आता ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीस? मग विडी ओढीन. विडी परवडते."

मामांनी वीस वर्षांत विडीला हात लावलेला नाही.

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहिते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट आणि बाकीच्या तंबाखूसाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला, आणि विडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. बातमी आली तेव्हा महसूल किती, कामगारांचं काय, यावर भरपूर चर्चा झाली. पण ओट्यावर बसलेला माणूस एका पुडीवरून कुठल्या पुडीवर, आणि पुडीवरून विडीवर कधी जातो, हे त्याला आधी विचारता येतं का? येतं. त्याची एक रीतसर पद्धत आहे, तिला निवड-प्रयोग म्हणतात. संशोधकांच्या तोंडी 'डिस्क्रीट चॉइस एक्सपरिमेंट'. मी इथून पुढे निवड-प्रयोगच म्हणेन.

आपल्याकडचा तंबाखू धुरात कमी, तोंडात जास्त

आधी आपलं चित्र नीट बघू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात धूर काढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे, चघळणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज थोडी जास्त भरते. सिगारेट डोळ्यासमोर ठेवून केलेला कुठलाही विचार आपल्या राज्यात बहुतेकांना लागूच होत नाही, हे या दोन आकड्यांत आहे.

सरकारच्या हातात ज्या कळा आहेत त्या बहुतेकांना माहीत आहेत. कर वाढवणं. पाकिटावर चित्र छापणं: एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला मनाई, १८ वर्षांखालच्यांना विक्रीला मनाई, हे २००३ च्या कायद्यातलं. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्ट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी केली, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं होतं: सुट्टी घेणाऱ्याला पाकिटावरचं चित्र दिसतच नाही.

यातली एखादी कळ दाबली की तंबाखू घेणारा माणूस चार गोष्टी करू शकतो. सोडेल, कमी करेल, लांब जाऊन तेच आणेल, किंवा दुसरं काहीतरी सुरू करेल. पहिल्या दोन झाल्या तर धोरण लागू पडलं. चौथी झाली तर कागदावर यश दिसतं आणि तोंडात तेच राहतं. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. मग टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी मिळायला लागली. दोन्ही एकत्र ओतल्या की झालं. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. 'उद्या गुटखा मिळाला नाही तर काय घ्याल?' हा प्रश्न आधी, पद्धतशीर विचारला असता तर ही जोडी बघून इतकं आश्चर्य वाटलं नसतं.

थेट विचारलं तर काय बिघडतं?

घरात स्थळं बघताना हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. मुलीच्या आईला विचारा, "काय हवं हो तुम्हाला?" "काही नाही, मुलगा स्वभावाने चांगला हवा, निर्व्यसनी हवा." मग तिच्यासमोर दोन बायोडाटा ठेवा. एक पुण्यात नोकरीला, भाड्याचा फ्लॅट. दुसरा पिंपळगावचा, दहा एकर द्राक्षबाग, एकत्र कुटुंब. स्वभावाबद्दल दोन्हीकडे चांगलंच लिहिलेलं. आता ती जे निवडेल त्यात पगार, गाव, शेती, सासू-सासरे या सगळ्याचं वजन आपोआप दिसतं. आधी ती खोटं बोललेली नव्हती. एकेक गोष्ट सुटी विचारली की माणूस चांगलं उत्तर देतो. दोन गोष्टींत एक सोडावी लागली की खरं उत्तर देतो.

तंबाखूचंही तसंच आहे. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात देशभरातल्या धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ४६.२ टक्के लोकांनी सांगितलं की पुडीवरच्या इशाऱ्यामुळे सोडण्याचा विचार मनात आला. हे उत्तर मौल्यवान आहे, पण ते विचाराबद्दल आहे. किती किंमत, किती अंतर, कुठली मदत असली तर तो विचार कृतीत येईल, ते त्यातून कळत नाही.

निवड-प्रयोगाची बांधणी

पायाभूत कल्पना केल्विन लँकेस्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडली: माणूस वस्तू घेतो तेव्हा तो तिच्यातल्या गुणांची मोळी घेत असतो. नाशिकरोडहून मुंबईला जाणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पंचवटी एक्स्प्रेस घ्यायची की शेअर टॅक्सी, हे ठरवताना आपण भाडं, वेळ, बसायला जागा मिळण्याची खात्री आणि उतरल्यावर पुढे किती जायचं, हे सगळं एका झटक्यात तोलतो.

प्रयोगात हे गुण आधी ठरवायचे. तंबाखूच्या पुडीसाठी समजा चार घेतले: किंमत, दुकानाचं अंतर, इशाऱ्याचं चित्र, आणि सुगंध कोणता. पहिल्या तिघांच्या तीन-तीन पायऱ्या ठेवल्या, म्हणजे किंमत दहा, वीस, तीस वगैरे. सुगंधालाही साधा, पुदिना, गुलाब अशा तीन. एकूण ८१ वेगवेगळ्या पुड्या तयार होतात. त्यांच्या जोड्या लावल्या तर ३,२४०. इतक्या जोड्या कुणासमोर ठेवणार? म्हणून संख्याशास्त्राच्या मदतीने मोजक्याच जोड्या अशा निवडतात की प्रत्येक गुणाचा परिणाम वेगळा काढता यावा. एकेका माणसाला साधारण आठ-दहा-बारा कार्डं दाखवतात. प्रत्येक कार्डावर दोन किंवा तीन पर्याय, आणि जवळजवळ नेहमी 'यातलं काहीच नको' हाही एक. तंबाखूच्या बाबतीत तो शेवटचा पर्याय फार मोलाचा. तो काढून टाकला तर आपण माणसाला कार्डावर जबरदस्तीने तंबाखू घ्यायला लावतो, आणि मग आलेल्या उत्तरांना अर्थ राहत नाही.

बोटं ठेवली, आता आकडे कसे काढायचे?

इथे डॅनियल मॅकफॅडन यांचं काम लागतं. त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक पर्यायाला माणसाच्या मनात एक वजन असतं, त्यातला काही भाग आपल्याला दिसणाऱ्या गुणांमुळे, काही त्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीमुळे. दुसरा भाग आपल्याला दिसत नाही, म्हणून 'हा माणूस हेच घेईल' असं म्हणता येत नाही. 'घेण्याची शक्यता इतकी' असं म्हणता येतं.

समजा शेकडो लोकांच्या उत्तरांतून असं निघालं की पुडी एक रुपयाने महागली की तिचं वजन एकाने घटतं, आणि दुकान एक किलोमीटर लांब गेलं की चाराने. म्हणजे एक किलोमीटर हे चार रुपयांच्या बरोबरीचं झालं. टपरी दोन किलोमीटर लांब नेली तर आठ रुपये कर लावल्यासारखा परिणाम होईल. हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. पण दोन अगदी वेगळी धोरणं, एक अर्थखात्याचं आणि दुसरं महापालिकेच्या परवाना विभागाचं, एकाच मापाने मोजता येतात, ही या पद्धतीची खरी ताकद.

आणि सरासरीवर थांबायचं नाही. मोटारसायकल असलेल्या तरुणाला तो किलोमीटर एका रुपयाचाही वाटणार नाही; गुडघे दुखणाऱ्या आजीला वीस रुपयांचा वाटेल. म्हणून उत्तरांतून वेगवेगळ्या स्वभावाचे गट वेगळे काढतात. नियम कुणाला अडवतो आणि कुणाला नुसता फेरा घालायला लावतो, ते तिथे दिसतं.

अजून नसलेल्या गोष्टीचा अंदाज बांधणं हे या सगळ्याचं मूळ काम. नाशिकच्या मेट्रो निओची, म्हणजे रबरी चाकांवर धावणाऱ्या मेट्रोची, घोषणा २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. गाडीही नाही अन् तिकीटही नाही, तर किती लोक बसतील हे कसं सांगायचं? असाच प्रश्न १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को भागात नव्या रेल्वेबद्दल होता. अधिकृत अंदाज होता की १५ टक्के लोक तिने कामाला जातील. मॅकफॅडन यांच्या गटाने ६.३ टक्के सांगितलं. रेल्वे सुरू झाल्यावर ६.२ टक्के निघाले. त्यांनी लोकांच्या खऱ्या प्रवासाची माहिती वापरली होती, कार्डं नव्हे. कार्डांवरची निवड आणि हे गणित यांची सांगड पुढे १९८० च्या दशकात पक्की झाली. पण आकडेमोड त्याच कुळातली.

तंबाखूबाबत याने काय कळलं आहे?

एक उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकेत सुगंधी ई-सिगारेट आणि मेंथॉल (पुदिन्यासारखा गारवा देणारी) सिगारेट यांच्यावर बंदी घालायची का, हा वाद होता. तिथल्या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्या आणि नुकत्याच सोडलेल्या सुमारे दोन हजार प्रौढांवर निवड-प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंथॉल सिगारेटवर बंदी आणि ई-सिगारेटचे सुगंध चालू, असं केलं तर सिगारेटची निवड सर्वांत जास्त घटत होती. उलट, फक्त ई-सिगारेटचे सुगंध बंद केले आणि मेंथॉल चालू ठेवलं, तर सिगारेटची निवड वाढत होती. दोन्ही बंदीच, हेतू एकच, परिणाम उलट दिशेचे.

तो निष्कर्ष उचलून इथे आणता येणार नाही. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच बंद आहेत. इथली अदलाबदल पुडी, गुटखा, मावा, मशेरी आणि विडी यांच्यात होते. आपलं कार्ड आपल्यालाच करावं लागेल.

नाशिकचं कार्ड

ते कसं असावं याबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. कार्डावर अक्षरं कमी आणि चित्रं जास्त हवीत. पुडीचं चित्र, नोटांचं चित्र, पायी किती मिनिटं त्याचं चित्र. 'किलोमीटर' न लिहिता 'निमाणीच्या स्टँडपासून रामकुंडापर्यंत चालण्याइतकं' म्हटलं तर पंचवटीतल्या माणसाला अंतर पायांत जाणवतं. सातपूर-अंबडच्या कामगाराला पाळी सुटताना गेटवर विचाराल तर तो घाईत काहीही सांगेल. पाळी सुरू होण्याआधी चहावर विचारा. लासलगावच्या बाजार समितीत कांदा उतरवणाऱ्या हमालाला लिलाव चालू असताना विचारू नका.

आणि मशेरी. तंबाखू तव्यावर काळपट भाजून दातांना घासतात ती. अनेक बायका ती 'दात साफ होतात' म्हणून लावतात. 'तुम्ही तंबाखू घेता का?' या प्रश्नाला त्यांचं उत्तर 'नाही बाई' असतं, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरं असतं. त्यांच्या कार्डावर तंबाखू हा शब्द पहिला आला तर संवाद तिथेच संपेल. त्यांना एकटं, घरात, आणि शक्यतो सून किंवा सासू ऐकत नसताना विचारायला हवं.

म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली. सामाजिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांनी असे प्रबंध करावेत असं मला फार वाटतं. पुढे कुंभमेळा आहे, लाखो लोक शहरात येतील, तात्पुरत्या टपऱ्यांचे परवाने निघतील. कुठे टपरी द्यायची आणि कुठे नाही, हा निर्णय कुणीतरी घेणारच आहे.

"लोक कार्डावर एक सांगतील आणि टपरीवर दुसरंच करतील"

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो अर्धा खरा आहे. कार्डावरचे तीस रुपये खिशातून जात नाहीत. म्हणून लोक कार्डावर जरा जास्त शहाणे वागतात. 'काहीच नको' जास्त वेळा निवडतात.

यावर तीन उपाय करतात. आधीच स्पष्ट सांगायचं, की 'लोक असल्या प्रश्नांना चांगलं दिसेल असं उत्तर देतात, तुम्ही मात्र उद्या सकाळी खरंच जे कराल ते सांगा'. नुसतं एवढं बोलल्यानेही उत्तरं जमिनीवर येऊ शकतात. दुसरा उपाय, मध्ये एखादं असं कार्ड घालायचं ज्यात एक पर्याय सर्व बाजूंनी सरस आहे. तो सोडून कुणी निकृष्ट पुडी निवडली तर तो माणूस नुसतीच बोटं ठेवतोय हे कळतं. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: एक कार्ड आजच्या परिस्थितीचं ठेवायचं आणि त्यावरचं उत्तर आजच्या खऱ्या विक्रीशी ताडून पाहायचं. फरक निघाला तर बाकीचे अंदाज त्या फरकाने सुधारायचे.

एवढं करूनही 'इतके टक्के लोक सोडतील' या आकड्यावर मी फार विश्वास ठेवणार नाही. पण 'अंतरापेक्षा किंमत जास्त टोचते' किंवा 'पुडी महागली तर हा गट विडीकडे वळतो', या तुलनेवर ठेवेन. मामा खरोखर तिसाव्या रुपयाला विडी पेटवतील की पस्तिसाव्या, ते मला माहीत नाही. पण विडीकडे बघतील, हे कळलं.

"व्यसनात अडकलेल्याची निवड ही निवड असते का?"

निकोटीनची तलफ सकाळी उठल्या उठल्या सर्वांत तीव्र असते. त्या वेळी मामांना कार्ड दाखवलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. म्हणून उत्तर देणाऱ्याने शेवटचा बार कधी लावला, दिवसाला किती पुड्या लागतात, आधी कितीदा सोडायचा प्रयत्न केला, हे सोबत नोंदवतात आणि हिशेबात धरतात.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बाजारातल्या इतर वस्तूंबद्दल अर्थशास्त्र म्हणतं, माणूस ज्याला जास्त पैसे द्यायला तयार आहे ते त्याच्या भल्याचं. तंबाखूला हे लावू नये. मामा पुडीसाठी वीस रुपये देतील, याचा अर्थ पुडीने त्यांचं वीस रुपयांचं भलं होतं असा नाही. ते वागतील कसे, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना काय हवं आहे ते त्यांनी दर दिवाळीला सांगितलंच आहे: सोडायचीये. त्यामुळे कार्डांचा दुसरा संच सोडण्याच्या मदतीचा असायला हवा. पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन, की गावातल्या दवाखान्यात आठवड्याला एकदा समुपदेशन, की निकोटीनचं च्युइंगगम, की चार मित्रांनी मिळून सोडणं? यातलं कोणतं, किती खर्चात, घराच्या किती जवळ? मदतीची केंद्रं उघडण्याआधी हे विचारायला काहीच हरकत नाही.

"हे तर कंपन्यांचंच तंत्र"

खरं आहे. साबण आणि मोटारी विकणाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून याचीच भावंडं वापरली. म्हणूनच मला ते सार्वजनिक आरोग्याच्या बाजूनेही यावं असं वाटतं. सरसकट बंदी हवी म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे: बंदीसुद्धा कार्डावरचा एक पर्याय म्हणून ठेवा आणि लोक कुठे जातात ते बघा. फक्त अल्पवयीन मुलांना आणि कधीच तंबाखू न घेतलेल्यांना सुगंधी पुड्यांची मोहक चित्रं दाखवत फिरू नये, हे पथ्य कडक पाळायला हवं.

मामींचं कार्ड

मामांची पुडी हा एका घरातला अर्धा भाग. मामींनी लग्नानंतर तीस वर्षं विड्या वळल्या, सिन्नरमधल्या अनेक बायकांसारख्याच. मांडीवर सूप, ओली टेंभुर्णीची पानं, साच्यावर ठेवून कात्रीने कापलेला तुकडा, त्यात चिमूटभर जर्दा, गुंडाळी आणि दोऱ्याचे दोन वेढे. मजुरी हजारावर. तंबाखूवरच्या कुठल्याही कडक नियमाच्या विरोधात पहिला सवाल या बायकांच्या नावाने विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पण त्यांना दुसरं कोणतं काम चालेल, हे त्यांना अशाच कार्डांनी विचारता येतं. ग्रामीण भागात जायला डॉक्टर-नर्स कशाने तयार होतील, हे शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये याच पद्धतीची मार्गदर्शिका काढली आहे. विडी कामगारांसाठी वेगळं काही लागत नाही.

मी मामींसाठीही दोन चौकोन काढले. एकीकडे शिवणकाम, घरबसल्या, महिन्याला थोडे कमी पैसे. दुसरीकडे एमआयडीसीत पॅकिंगचं काम, जायला-यायला गाडी, पैसे जास्त, पण दिवसभर घराबाहेर. मामींनी चष्मा लावून दोन्ही वाचले, पान उलटं करून मागेही बघितलं.

"आणि पैसे कधी मिळणार? विडीचे आठवड्याला मिळायचे."

तो गुण मी कार्डावर लिहिलेलाच नव्हता. मी पेन घेऊन दोन्ही चौकोनांत एक-एक ओळ वाढवली.